दुखत नसलेल्या दाताचा एक्स-रे कशासाठी?

निवांत

दात साफ करून घ्यायला गेलो होतो. दुखणंखुपणं काही नाही. डॉक्टरांनी आरसा फिरवून सगळं तोंड बघितलं, अणकुचीदार हत्यार दोनचार दाढांवर टेकवून पाहिलं आणि म्हणाले, "वरून ठीक दिसतंय. मागच्या दाढांचे दोन्ही बाजूंचे एक्स-रे काढून घेऊ." मी म्हटलं, अहो, दुखत तर काहीच नाही. तर म्हणे, "दुखायला लागल्यावर काढला तर तो बहुतेक रूट कॅनालसाठीच काढावा लागतो."

मग एक चपटी, वायर जोडलेली वस्तू तोंडात घातली, तिच्या पट्टीवर चावायला लावलं आणि सगळे खोलीतून पसार! अंगावर शिशाचा एप्रन वगैरे काही नाही. पूर्वी दुसऱ्या दवाखान्यात तो जड एप्रन घातल्याचं पक्कं आठवतंय. पडद्यावर दोन ठिकाणी कीड निघाली. एक भरायला सांगितली, दुसरीवर "नुसतं लक्ष ठेवू". दोन्ही कीडच, मग हा दुजाभाव का? आणि आरशात न दिसलेली कीड एक्स-रेत कुठून उगवते? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (क्ष-किरण टाकले तरी चालतील.)

दंतकथा

कंसातल्या वाक्याला पूर्ण गुण. मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाढेच्या पाच बाजू धरा: चावायची, गालाकडची, जिभेकडची आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. आरशात पहिल्या तीन नीट दिसतात. उरलेल्या दोन शेजाऱ्याच्या आड असतात. आणि कीड नेमकी त्या दोघांच्या टेकण्याच्या जागेच्या किंचित खाली सुरू होते, कारण तिथे ब्रश पोचतच नाही. वरून दाढ अखंड, चकचकीत. आत पोकळी वाढत चाललेली.

तुमचा काढला तो बाइटविंग. पट्टीवर चावायचं असतं म्हणून ते नाव. त्यात वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात, मधल्या फटी मोकळ्या दिसतात आणि दातांमधल्या हाडाची कडही कळते. मुळाची टोकं त्यात येत नाहीत. त्यासाठी वेगळा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात आयओपीए किंवा सेन्सरवर काढला तर आरव्हीजी म्हणतात.

आता दुजाभावाबद्दल. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते शरीरातलं सगळ्यात कठीण, त्यात नस नाही, म्हणून तिथल्या किडीला वेदना नाही. एक्स-रेत ती छोट्या काळ्या त्रिकोणासारखी दिसते, टोक आतल्या बाजूला. ती इनॅमलपुरतीच असेल तर फ्लोराइड, फ्लॉस आणि खाण्याच्या सवयी यांनी थोपवता येते, खनिज काही प्रमाणात परतही भरतं. म्हणून "लक्ष ठेवू". कीड इनॅमल ओलांडून आतल्या डेंटिनमध्ये शिरली की ती आडवी पसरते, वेगही वाढतो. तुमची भरायला सांगितलेली कीड तिथे पोचलेली असणार, म्हणून ती भरायची.

एक गोष्ट मात्र पेशंटना सहसा सांगितली जात नाही. त्या जागेचं साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत सावली उठून दिसत नाही. म्हणजे चित्रात दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात नेहमी थोडी पुढे गेलेली असते. शिवाय पृष्ठभागाला भोक पडलंय की नुसता भाग मऊ झालाय, हे एक्स-रे सांगत नाही. सीमारेषेवरच्या केसमध्ये आम्ही कधीकधी दोन दाढांमध्ये छोटं रबर अडकवून फट करतो आणि काही दिवसांनी डोळ्यांनी बघतो. भोक नसेल तर ड्रिल हातात घ्यायची घाई नको.

तिरकस

छान माहिती, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मला माहीत असलेल्या एका दवाखान्यात नवीन पेशंट आत आला की त्याला आधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकच मोठा एक्स-रे) मशीनपाशी उभं करतात, डॉक्टर तोंड नंतर बघतात. मशीन घेतलंय तर ते चालवायला नको का!

दंतकथा

तिरकस, यात वाद घालणार नाही. आधी तोंड बघायचं, पेशंटशी बोलायचं, मग ठरवायचं की कुठला प्रश्न सुटत नाहीये आणि तो कुठल्या एक्स-रेने सुटेल. हा क्रम उलटा झाला की तो एक्स-रे तपासणीचा भाग राहत नाही.

आणि दातांमधली सुरुवातीची कीड शोधायला ओपीजी हे चुकीचं साधन आहे. त्यात दोन्ही जबडे, अक्कलदाढा, सांधे, सायनसचा तळ असं सगळं एका पट्ट्यात येतं, पण बारकावा कमी आणि शेजारच्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. अक्कलदाढा काढायच्या असतील, मुलांचे पक्के दात कुठे अडलेत ते बघायचं असेल, जबड्याला मार लागला असेल, तर ओपीजी उत्तम. "जनरल चेकअप" म्हणून सरसकट सगळ्यांना नाही.

दर सहा महिन्यांनी सगळ्यांचे बाइटविंग काढायचीही गरज नसते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१२ च्या मार्गदर्शनात कीड नसलेल्या, कमी धोक्याच्या प्रौढांसाठी २४ ते ३६ महिन्यांचं अंतर आहे आणि कीड सतत होणाऱ्यांसाठी ६ ते १८ महिन्यांचं. म्हणजे कॅलेंडर बघून नाही, तोंड बघून. "गेल्या वेळचा कधी काढला होता?" हे न विचारता नवा काढणाऱ्या डॉक्टरला पेशंटने ते विचारावं.

भौतिकवाला

किरणोत्साराचे आकडे मी देतो, कारण या विषयावर लोक एक तर घाबरतात नाही तर हसण्यावारी नेतात.

जमीन, हवेतला रेडॉन, अंतराळातून येणारे किरण आणि आपलं अन्न यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट) इतका डोस आपसूक मिळतो. म्हणजे दिवसाला ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट. डिजिटल सेन्सरवरचा तोंडातला एक छोटा एक्स-रे साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्टच्या घरात. फार तर एखाद्या दिवसाचा नैसर्गिक हिशोब. ओपीजी मशीनप्रमाणे ३ ते २५ च्या आसपास, म्हणजे तीनचार दिवसांपर्यंत. सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन मात्र वेगळ्या रांगेत बसतो. किती भाग घेतला आणि सेटिंग काय ठेवलं यावर तो काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. "दातांच्या एक्स-रेला काही होत नाही" हे वाक्य सीबीसीटीला लावू नये.

निवांत, सगळे पसार का झाले? तुम्ही क्वचित बसता, ते रोज दिवसभर काढतात. क्ष-किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते: अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश. म्हणून भिंतीआड जायचं, आणि ती नसेल तर किमान दोन मीटर लांब, किरणांच्या वाटेत न येता उभं राहायचं.

हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. राँटगेनना क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ ला. जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतल्या ओटो वॉल्खॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तो २५ मिनिटं तसाच पडून होता. आज सेकंदाचा छोटासा अंश पुरतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्याने त्याच वर्षी हे काम सुरू केलं. प्लेट हाताने धरायची, नळीचा जोर स्वतःच्या हातावर अजमावायचा, अशी तेव्हाची रीत. वर्षानुवर्षांनी त्याची बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्याचा शेवट झाला. पेशंटच्या तोंडातला सेन्सर आज कुणी सहायक बोटाने धरून उभा राहत असेल, तर त्याला केल्सची गोष्ट ऐकवा.

शंकासुर

आकडे ठीक. पण मेंदूच्या गाठीचा आणि दातांच्या एक्स-रेचा संबंध दाखवणारा अभ्यास आला होता ना? तो काय उगाच?

भौतिकवाला

उगाच नाही. २०१२ चा, अमेरिकेतला, मेनिन्जिओमा या गाठीबद्दलचा. मेनिन्जिओमा बहुतेक वेळा कर्करोगाचा नसतो, पण त्रास देऊ शकतो. ज्यांना ही गाठ होती त्यांच्यात "आम्ही बाइटविंग काढले होते" म्हणणारे जास्त निघाले. कच्चा दुवा असा की कुणाचे किती एक्स-रे झाले हे दवाखान्याच्या नोंदींवरून घेतलेलं नव्हतं, लोकांच्या आठवणीवरून घेतलं होतं. गाठ झालेला माणूस भूतकाळ जास्त खोदून आठवतो. शिवाय त्यातले बरेचसे एक्स-रे जुन्या काळातले, जेव्हा फिल्म संथ आणि डोस आजच्यापेक्षा खूप जास्त होता.

म्हणून त्यातून "एक्स-रेने गाठ होते" हे सिद्ध होत नाही. पण "धोका शून्य" असंही कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. धोका फार लहान आहे, म्हणून त्या बदल्यात काहीतरी ठोस मिळालं पाहिजे, एवढाच व्यवहार.

काळा_पांढरा

नमस्कार मंडळी. मी दातांच्या एक्स-रे सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे, दिवसभर हेच करतो. एप्रनचा प्रश्न अजून तसाच राहिलाय, तो मी घेतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं की दातांच्या एक्स-रेसाठी शिशाचा एप्रन आणि गळ्याचा थायरॉइड कॉलर आता सरसकट लागत नाही. त्याआधी याच संस्थेचा सल्ला कॉलर घाला असा होता, त्यामुळे लोक गोंधळतात. कारण साधं आहे. आताच्या मशीनचा किरणांचा झोत अरुंद, फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर, आणि पोटापर्यंत जो थोडाफार किरणोत्सार पोचतो तो शरीराच्या आतूनच विखुरत जातो. बाहेरून घातलेला एप्रन तो अडवत नाही. मात्र सगळीकडचे नियम अजून बदललेले नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी एप्रन घालायलाच लागतो. घातला तर बिघडत नाही आणि नाही घातला म्हणून दवाखाना निष्काळजी ठरत नाही.

ओपीजीला मात्र कॉलर खरोखर बिघडवतो. मशीन डोक्याभोवती मागून फिरतं, कॉलर वाटेत येतो आणि हनुवटीच्या भागावर पांढरा ठिपका. मग परत काढा. आणि माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात वाईट डोस म्हणजे परत काढायला लागलेला एक्स-रे. पहिला फुकट गेलेला असतो.

डोस खरंच कमी करायचा तर झोताच्या तोंडाला गोल नळीऐवजी चौकोनी बसवायची. सेन्सर चौकोनी असतो, झोत गोल असतो, मग कडेचा सगळा किरणोत्सार गालाला फुकट. चौकोनी तोंडाने डोस निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. पण नेम अचूक लागतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी कंटाळा केला जातो. पेशंट एप्रन मागतात, चौकोनी नळी कुणीच मागत नाही.

ओपीजीला उभे राहाल तेव्हा पेशंटच्या हातातल्या गोष्टीही सांगून ठेवतो. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं, काढता येणारे दात, सगळं काढा. कानातलं ठेवलं तर ते एकदा जागेवर दिसतं आणि एकदा समोरच्या बाजूला, वर सरकलेलं आणि पुसट भूत होऊन. पुढच्या दातांनी चावायला दिलेल्या काडीच्या खाचेतच चावा. खाच चुकली तर पुढचे दात बारीक किंवा फुगलेले येतात. जीभ टाळूला चिकटवून ठेवा, आपण हे दर वेळी सांगतो आणि पेशंट दर वेळी विसरतो. जीभ खाली राहिली की टाळू आणि जीभ यांच्यामधल्या हवेचा काळा पट्टा वरच्या दातांच्या मुळांवरून जातो आणि डॉक्टरांना नेमकं तेच बघायचं असतं.

निवांत

वा! चौकोनी नळीचं आज पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या वेळी ती मागून डॉक्टरांचा चेहरा बघण्यात येईल.

अबोली

एक प्रश्न. वहिनीला पाचवा महिना आहे आणि दाढ भयंकर ठणकतेय. घरचे म्हणतात बाळंतपण होईपर्यंत एक्स-रे नाही. ती रात्रभर जागी असते.

दंतकथा

अबोली, थांबू नका. गरज असलेला दाताचा एक्स-रे गरोदरपणात काढता येतो. झोत जबड्यावर असतो, गर्भाशयापर्यंत पोचणारा डोस नगण्य. उलट दाताच्या मुळाशी साचलेला पू आणि ताप हा आई आणि बाळ दोघांसाठी जास्त मोठा धोका. डॉक्टरांना महिना कितवा ते आधी सांगा, आणि वहिनीच्या मनाला बरं वाटत असेल तर एप्रन मागून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. जे काम थांबू शकतं, म्हणजे नुसती नेहमीची तपासणी, ते नंतर करता येईल. ठणका त्यात मोडत नाही. मधली तिमाही खरं तर दातांच्या कामाला सोयीची.

अबोली

खूप आभार. हे सासूबाईंना वाचून दाखवते.

टकमक

माझी उलटी तक्रार. दाढ इतकी दुखते की गार पाणी पिताना डोळ्यांतून पाणी येतं. आरव्हीजी काढला, डॉक्टर म्हणाले "क्लीन आहे". मग दुखतंय काय, माझं मन? 

दंतकथा

टकमक, मन नाही. एक्स-रे कोरा म्हणजे दात निरोगी, असा अर्थ होत नाही. या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं कदाचित हेच असेल, म्हणून जरा पसरून लिहिते.

एक्स-रेत दिसतं ते खनिज: इनॅमल, डेंटिन, हाड. नस मऊ असते, तिला सूज आली तर ती त्यात दिसत नाही. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग सुरू झाला तरी आधी हाडाचा मधला जाळीदार भाग खाल्ला जातो, आणि बाहेरच्या घट्ट थराला धक्का लागेपर्यंत साध्या एक्स-रेत बहुतेक काहीच उमटत नाही. म्हणजे दुखणं आज सुरू होतं आणि काळा डाग नंतर येतो. त्याआधीची बारीक खूण असते ती मुळाभोवतीची काळी रेघ किंचित रुंदावलेली दिसणं. तीही नसू शकते.

दुसरं कारण चीर. दाढेला पडलेली उभी चीर, विशेषतः पुढून मागे जाणारी, एक्स-रेच्या झोताला आडवी पडते आणि झाकली जाते. चावताना नाही, पण चावा सोडताना कळ येत असेल तर तिचा संशय घ्यायचा. ती शोधायला एक-एक उंचवट्यावर छोटं साधन चावायला देतात, प्रकाश टाकून बघतात.

तिसरं, सावल्यांची गल्लत. एक्स-रे म्हणजे शेवटी सपाट सावली. भिंतीवर हातांचा ससा करतो तेव्हा कुठला हात पुढे आणि कुठला मागे हे भिंत बघून कळत नाही, तसं मुळांचं होतं. वरच्या पहिल्या दाढेला बऱ्याचदा चौथा कालवा (मुळातली नस जाण्याची वाट) असतो, तो दुसऱ्याच्या मागे लपतो. म्हणून आम्ही नळी थोडी बाजूला सरकवून दुसरं चित्र घेतो. जिभेकडची वस्तू नळी सरकते त्याच दिशेला सरकलेली दिसते, गालाकडची उलट दिशेला. हा नियम गेली शंभरहून अधिक वर्षं वापरात आहे आणि आजही रूट कॅनाल करताना रोज उपयोगी पडतो.

आणि उलट गल्लतही होते. खालच्या उपदाढांच्या टोकाशी हाडाला एक नैसर्गिक भोक असतं, त्यातून हनुवटीची नस बाहेर येते. एक्स-रेत ते हुबेहूब पुवासारखं दिसतं. दाताच्या मानेपाशी हिरडीजवळ एक काळसर पट्टा दिसतो, तो बऱ्याचदा कीड नसून नुसता किरण जास्त आरपार गेल्याने पडलेला असतो. खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी काही जणांत काळे गोल दिसतात. दात जिवंत असतो, त्याला काहीही करायचं नसतं, आणि घाई केली तर चांगल्या दातांची रूट कॅनाल होऊन बसते.

म्हणून "या काळ्या डागासाठी रूट कॅनाल" असं कुणी म्हटलं की एक प्रश्न विचारा: "दात जिवंत आहे का ते तपासलं?" कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून दाताला लावतात. शेजारच्या दातासारखीच पटकन येऊन पटकन जाणारी शिवशिव आली तर नस बहुधा ठीक. येऊन रेंगाळली तर नस सुजलेली. काहीच आलं नाही तर मेलेली असण्याची शक्यता. ठोकून बघणं, हिरडी दाबून बघणं, हे सगळं एक्स-रेच्या शेजारी ठेवून निदान होतं. तुमच्या वर्णनावरून गार लागल्यावर कळ किती वेळ टिकते हे डॉक्टरांना नक्की सांगा.

टकमक

बरीच टिकते. पाणी गिळून झालं तरी ठणकत राहते. हे विचारलंच नव्हतं कुणी.

दंतकथा

मग परत जा, आणि गार फवाऱ्याची तपासणी करून घ्या. इथे निदान करणार नाही, पण वाट बघण्यासारखं नाही.

चिमणआई

मुलगा सात वर्षांचा. दुधाच्या दोन दाढांमध्ये कीड असेल म्हणून छोटा एक्स-रे सांगितलाय, पण सेन्सर तोंडात गेला की त्याला उबळ येते. एकदा तर डॉक्टरांच्या हातावरच... असो. मग म्हणाले ओपीजी काढू, तो बाहेरून निघतो. वर दंतकथाताईंनी ओपीजी किडीला नको लिहिलंय, म्हणून विचारते. दुधाचे दात पडणारच आहेत, तर मुळात हवा का एक्स-रे?

दंतकथा

दुधाच्या दाढा पडायला दहा-बारा वर्षांचं वय होतं, म्हणजे अजून बराच काळ त्यांच्यावर चावायचं आहे. त्यांचं इनॅमल पातळ, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. दाढा एकमेकींना घट्ट टेकल्या असतील तर मधलं काही दिसत नाही, तेव्हा बाइटविंगला अर्थ आहे. दाढांमध्ये उघड फटी असतील तर डोळ्यांनीच बघता येतं, मग एक्स-रे नको.

ओपीजीने किडीचा प्रश्न नीट सुटणार नाही. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न हवा: एखादा पक्का दात उगवलाच नाही, एखादा जास्तीचा दात वाट अडवतोय, असा संशय. वरच्या सुळ्यांवर लक्ष ठेवा. साधारण दहाव्या वर्षी हिरडीवर बोट फिरवलं की दोन्ही बाजूंना त्यांचा फुगवटा लागतो. एका बाजूला लागत नसेल तर सुळा वाट चुकला असण्याची शक्यता, तेव्हा एक्स-रे लागेल. मुलांच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यांचं पुढचं आयुष्य लांब, म्हणून त्यांच्या बाबतीत "असू दे, काढून ठेवू" चालत नाही, आणि सेटिंगही मोठ्यांचं वापरू नये.

काळा_पांढरा

उबळेवर उपाय आहेत. विचारा की त्यांच्याकडे फॉस्फर प्लेट आहे का. सेन्सर जाड, कडक, वायरवाला असतो. प्लेट पातळ आणि थोडी लवते, वायर नाही, लहान मुलांचा आकारही मिळतो. चित्र मात्र लगेच येत नाही, प्लेट स्कॅनरमधून काढावी लागते.

आधी पुढच्या दाताचा काढायला सांगा, तो सोपा जातो, मुलाला धीर येतो. मागच्या दाढेपासून सुरुवात केली की खेळ तिथेच संपतो. सेन्सर टाळूवर घासत नेऊ नये, उचलून जागेवर ठेवावा. मुलाला नाकाने मोठा श्वास घ्यायला आणि एक पाय खुर्चीवरून वर उचलून धरायला सांगा. पायाकडे लक्ष गेलं की घसा विसरतो. मी मोठ्यांनाही करायला लावतो, मिशीवाले काकासुद्धा निमूट पाय वर धरतात.

चिमणआई

हा हा, पायाचं लक्षात ठेवते!

शंकासुर

माझी अक्कलदाढ काढायची आहे. ओपीजी झाला, आता सीबीसीटी पण सांगितलाय. वर भौतिकवाल्यांनी डोस लिहिलाय, म्हणून आता टाळू का?

दंतकथा

ओपीजीत काय दिसलं ते विचारा. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर. तिच्या कालव्याच्या दोन पांढऱ्या रेषा ओपीजीत दिसतात. अक्कलदाढेच्या मुळापाशी ती रेष तुटलेली दिसली, मूळ काळवंडलेलं दिसलं किंवा कालवा वळसा घालून गेला असेल, तर नस आणि मूळ चिकटून असल्याचा संशय येतो. मग सीबीसीटीचा उपयोग आहे, कारण नस मुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यात कळतं आणि काढायची पद्धत बदलते. यातलं काही दिसत नसेल, मूळ आणि कालवा यांच्यात चांगलं अंतर असेल, तर कशासाठी ते डॉक्टरांनी सांगावं. काढलाच तर फक्त तेवढ्या भागाचा, पूर्ण डोक्याचा नको.

शंकासुर

रिपोर्ट बघितला. "मुळाच्या ठिकाणी कालव्याची वरची रेषा खंडित" असं लिहिलंय. काढतो बाबा.

तिरकस

शंकासुरांचं शंकानिरसन झालं, तारीख नोंदवून ठेवा.

रानवाट

उशिरा आले धाग्यावर. माझ्या एका दाताची रूट कॅनाल दोनेक वर्षांपूर्वी झालीय. दुखत नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला तर टोकाशी काळा डाग दिसतोय, म्हणे परत रूट कॅनाल करा. करू का?

दंतकथा

एका एक्स-रेवरून हे ठरत नाही. डाग आहे एवढंच त्यावरून कळतं. तो वाढतोय, आक्रसतोय की होता तसाच आहे, हे कळायला जुना एक्स-रे शेजारी ठेवावा लागतो. रूट कॅनालनंतर हाड सावकाश भरतं. साधारण वर्षाने तपासायचं आणि डाग लहान होत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट बघता येते. कधी हाडाऐवजी तिथे जखमेच्या व्रणासारखी ऊती भरते आणि डाग कायम राहतो, त्रास मात्र काही नाही. उलट डाग मोठा झाला असेल, हिरडीवर पुळी येत-जात असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर परत करणं बरोबर.

आधीच्या दवाखान्यातून उपचाराआधीचा आणि लगेच नंतरचा, असे दोन्ही मागवा.

रानवाट

त्यांच्याकडे फिल्मवर काढला होता. फाइलमध्ये छोटं पाकीट सापडलंय माझ्याकडेच, पण फिल्म पिवळसर तपकिरी झालीय. फोटो काढून पाठवला तर नव्या डॉक्टरांना कळत नाहीये काही.

काळा_पांढरा

तपकिरी होते कारण तेव्हा नीट धुतली गेली नव्हती, फिक्सरचं रसायन त्यात राहिलं. चित्र गेलेलं नाही. हातात धरून, दिव्याकडे करून फोटो काढू नका. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडा, उजेड जास्त करा, खोलीतले दिवे बंद करा. फिल्म त्यावर टेकवा, पण मधे एक पातळ पांढरा कागद ठेवा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. आजूबाजूचा उजेड काळ्या कागदाने झाका, फ्लॅश बंद, आणि मोबाइल अगदी सरळ धरा. मग तो फोटो कृष्णधवल करा, पिवळेपणा जाईल. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून टाकतं.

फिल्मच्या एका कोपऱ्यात बारीक उंचवटा लागेल बोटाला. फुगीर बाजू आपल्याकडे ठेवून फोटो काढा, नाहीतर डावी-उजवी बाजू उलटी होते आणि डॉक्टर भलत्याच दाताशी तुलना करत बसतील. आणि नव्याची मूळ फाइल मागून घ्या, पडद्याचा फोटो नको.

रानवाट

उंचवटा लागला! आज रात्री करून बघते.